राक्षसाच्या शेपटीनं पाहिलेल्या टाचा

मी शेपटी बोलतेय. कुत्र्याची नव्हे, मांजराची नव्हे, राक्षसाची. नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं, मग मध्येच मोडता नको. हत्ती गेला नि शेपूट राहिलं, असं म्हणताना लोक शेपटाला कमी लेखतात. पण शेवटी राहिलं कोण, ते बघा की!

कपडेपटातल्या शिंपीणबाईंनी मला एका दुपारी शिवलं. बाहेरून जाड कापड, त्यावर कुठल्याशा पडद्यातून उरलेली हिरवी मखमल, आत जुन्या गादीचा कापूस. मणक्यांच्या जागी दोऱ्याची रिकामी लाकडी रिळं, एकवीस, एका दोरीत ओवलेली. टोकाला कोटाच्या कॉलरची फर. पोटातून दोन दोऱ्या काढल्या होत्या. एक ओढली की मी वर उठायचे, दुसरी ओढली की वेटोळं घालायचे. हलले की आतली रिळं टकटक वाजायची. अजून वाजतात. म्हातारपणी माणसांचेही सांधे वाजतातच.

माझा जन्म एका विनोदी मालिकेसाठी झाला. नाव होतं ‘वरच्या मजल्यावरचे राक्षस’. राक्षस, त्याची बायको आणि त्यांचं पोर एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतात. खालच्या मजल्यावर घरमालकीण. राक्षस दिसायला अक्राळविक्राळ, पण घरमालकीण जिना चढून वर आली की त्याची पाचावर धारण बसते. एवढीच गोष्ट, सहा वर्षं चालली. समोर खुर्च्यांवर प्रेक्षक बसायचे आणि तिथल्या तिथे हसायचे. रेकॉर्ड केलेलं हसू डब्यातून आणावं लागत नव्हतं.

राक्षस चालायला लागला की मी नुसती मागून फरपटत जायचे. माझा खरा अभिनय कोचावरचा. तो कोचावर बसला की माझ्या दोऱ्या कोचाच्या पाठीतल्या फटीतून मागं जायच्या, आणि मागं पालथी पडलेली एक बाई त्या ओढायची. ती खरी कपड्यांना इस्त्री करणारी. दोरी ओढणाऱ्या माणसाचा हात मुरगळला, म्हणून पहिल्याच दिवशी तिला इस्त्री सोडायला लावून कोचामागं झोपवलं. इथून पुढं मी तिला ‘माझी बाई’ म्हणणार, कारण ती माझीच आहे.

संवादांचा कागद तिला कुणी दिलाच नाही. इस्त्रीवालीला कागद कशाला? ठरलं असं होतं की घरमालकीण भांडायला येणार, राक्षस छाती काढून म्हणणार, “मी कुणाच्या बापाला भीत नाही!”, आणि मी फणा काढल्यासारखी ताठ उभी राहणार. पण बाईला मागून राक्षसाचं तोंड दिसत नव्हतं. कोचाखालच्या फटीतून तिला दिसत होत्या फक्त त्याच्या दोन टाचा. “भीत नाही” म्हणताना त्याची डावी टाच जमिनीवरून उचलली गेली आणि लटलट कापायला लागली. नटाचा पहिला दिवस होता, समोर दोनशे माणसं. तो खरोखरच घाबरला होता. बाईला वाटलं, राक्षस घाबरलाय, मग शेपटीही घाबरायला हवी. तिनं माझी वरची दोरी सोडून दिली. मी धपकन खाली पडले आणि राक्षसाच्या पायाशी थरथरत लपले.

असं हसले लोक, की पुढचे दोन संवाद कुणाला ऐकूच आले नाहीत.

जुने दिग्दर्शक तणतणत कोचामागं आले. “बाई, शेपटी वर करायची होती!”

“तो घाबरला होता,” बाई म्हणाली.

“तो घाबरत नाही असं म्हणत होता!”

“म्हणू दे की. म्हणायला काय जातंय?”

त्या दिवसापासून मालिकेचा नियम ठरला. तोंड काहीही म्हणो, शेपटी खरं सांगेल. राक्षस बायकोला म्हणे, “मला भूक नाही,” आणि मी हळूच ताटाकडे सरकायचे. पोराला दटावताना त्याचा आवाज घर हादरवायचा, आणि मी पोराच्या पाठीवरून फिरायचे. टाचेची गोष्ट मात्र बाईनं कुणाला सांगितली नाही. राक्षसाचं काम करणाऱ्या दादांना तेवढी ठाऊक होती. ते म्हणायचे, “बाई, ती टाच मी उचलत नाही, बरं का. ती आपली आपण वर जाते.”

आणि पत्रं! राक्षसाला यायची त्याहून जास्त मला यायची. एका बाईनं लिहिलं होतं, ‘शेपटीताई, आमच्या ह्यांनाही एक शेपटी बसवून मिळेल का? खोटं कधी बोलतात तेच कळत नाही.’ पाकिटांवर पत्ता एवढाच असायचा, ‘शेपटीस, राक्षसांचा कोच.’ मालिकेच्या शेवटी सगळ्यांची नावं वर सरकत जायची. शिंपीणबाईंचं, रंग लावणाऱ्याचं, दिवे धरणाऱ्याचंसुद्धा. माझ्या बाईचं नाव कधीच आलं नाही. ती कागदोपत्री इस्त्रीवालीच राहिली, आणि इस्त्री करणाऱ्यांची नावं द्यायची पद्धत नव्हती. तिनं मागितलंही नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं, असं आता मला वाटतं.

सहा वर्षांनी दादांना कोचावरून उठताना धाप लागायला लागली आणि मालिका थांबली. शेवटच्या दिवशी त्यांनी मला कमरेवरून सोडलं आणि बाईच्या हातात दिलं. “ही तुझी. मी आपला नुसता पुढं बसायचो.” वर्षभरात दादा गेले. आता बाईच्या कामाची साक्ष द्यायला उरले मी एकटी, आणि मला कोण विचारतो?

पुढं माझं काय झालं ते थोडक्यात सांगते, रडगाणं गायला मी बसलेली नाही. काही वर्षं ट्रंकेत. मग बाईच्या मुलाला पाठीशी घ्यायला उशी म्हणून. फर मांजरानं ओरबाडली. मुलाचं लग्न झालं, सून आली. ती दाताच्या दवाखान्यात रुग्णांना नंबर देते, दिवसभर दुसऱ्यांची कण्हणी ऐकते आणि घरी येऊन सगळ्यांना शिस्त लावते. तिनं मला बाहेरच्या दाराखाली आडवं टाकलं, फटीतून वारा येऊ नये म्हणून.

ते काम मी मन लावून केलं. आणि तिथं पडल्या पडल्या मला पुन्हा टाचा दिसायला लागल्या. मुलगा दारात उभा राहून म्हणायचा, “काही नाही, ऑफिसात सगळं ठीक आहे,” आणि त्याची डावी टाच वर. सून म्हणायची, “मला काय, मी कुठं काय बोलतेय?”, टाच वर. माणसं तोंडाला लगाम घालतात, टाचेला घालायचं विसरतात.

बाई कधीमधी म्हणायची, “ती शेपटी मी हलवायचे.”

मुलगा म्हणायचा, “आई, पुरे आता ते शेपटीपुराण.”

सून जरा सौम्य होती. “आई, मी लहानपणी बघायचे ती मालिका. सगळी नावं पाठ होती मला. तुमचं कुठं नव्हतं.”

बाई गप्प बसायची. गर्विष्ठ माणसाचं गप्प बसणं म्हणजे चुलीवरचं झाकलेलं भांडं, आत काय उकळतंय ते बाहेरून दिसत नाही. तिला पैसा नको होता, सत्कार नको होता. आपल्या घरातल्या दोन माणसांनी आपल्याला बढाईखोर समजू नये, एवढंच हवं होतं.

आणि मग ती मालिका पुन्हा निघाली.

नवं नाव नुसतं ‘वरचा मजला’. जाहिरातीतच अंधार. पहिला भाग आमच्या घरी जेवणं झाल्यावर सगळ्यांनी मिळून पाहिला. मी दाराखालून पाहिला. जिना तोच, कोच तोच, पण हसणारं कुणी नाही. राक्षसाची बायको निघून गेलेली. राक्षस महिनोन्महिने बोलत नाही. घरमालकीण विचारपूस करायला वर येते, आणि कोचावरून एक लांब, खवल्यांची, संगणकानं काढलेली शेपटी सळसळत जाते आणि तिचा गळा आवळते.

मी! जिनं आयुष्यात कुणाला गुदगुल्यांपलीकडे काही केलं नाही! माझी एकवीसच्या एकवीस रिळं थंड पडली.

सुनेनं लगेच मोबाइल उघडला. “बघा, लोकांनी कसं फाडून खाल्लंय.” आणि ती वाचत सुटली. “‘आमचं बालपण जाळून टाकलं.’ ‘राक्षसाला राक्षस का केलंत?’ ‘आमच्या मुलांना काय दाखवायचं?’ ‘शेपटी कुठं आहे? ही शेपटी नव्हे, फास आहे.’ हा एक म्हणतो, ‘शेवटी एकदाची भीती वाटली, छान.’ त्याला तर बाकीचे नुसते धोपटतायत.”

“तुला काय वाटलं?” बाईनं विचारलं.

“मला? अजिबात आवडली नाही,” सून म्हणाली. तिची डावी टाच वर गेलेली मला दिसली. दुसरा भाग कधी येतो, याच्याकडे डोळे लावून बसलेली टाच होती ती.

मला वाटलं, आता बाई पेटणार. पण बाई म्हणाली, “छान घाबरवलंय.”

“आई!”

“काय आई? बालपण काय शेगडीवर ठेवलं होतं, जळायला? ते आहे तिथं आहे. ज्याला जुनी बघायची त्यानं जुनी बघावी. उचलली जीभ लावली टाळ्याला! पण चूक आहे त्यात. मोठी चूक आहे.” एवढं म्हणून ती झोपायला गेली. मी तिच्यावर आठवडाभर रुसले होते, हे कबूल करते.

पाचवा भाग झाला तेव्हा नवा दिग्दर्शक आमच्या दारात उभा राहिला. चाळिशीचा, जाड चष्मा, चेहरा चार दिवस झोप न मिळाल्यासारखा. मला न बघता माझ्यावरून पाय टाकून आत आला. कपडेपटाच्या जुन्या यादीत मी कुणाकडे गेले ते लिहिलं होतं, त्यावरून त्यानं घर शोधलं होतं.

“मावशी, जुनी शेपटी तुमच्याकडे आहे म्हणे. आम्हाला हवी आहे. शेवटच्या भागात राक्षस आपली शेपटी उपटून काढतो आणि शेगडीत टाकतो. खरी जुनी शेपटी जळताना दिसली, तर...” तो अडखळला. “लोक विसरणार नाहीत.”

सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. “आधीच लोक शिव्या घालतायत, त्यात हे?”

“घालू देत,” तो म्हणाला. मग चष्मा पुसत जरा खाली बसला. “लहानपणी सगळे ही मालिका बघून हसायचे. मी पलंगाखाली लपायचो. मला तो राक्षस खरंच भयंकर एकटा वाटायचा. कुणाला सांगितलं की कुणी ऐकायचं नाही, ‘अरे, विनोदी आहे ती,’ म्हणायचे. म्हणून ही अशी केली. मला जे दिसायचं ते.”

त्याच्या दोन्ही टाचा जमिनीला घट्ट टेकलेल्या होत्या.

“घाबरणारा प्रेक्षकसुद्धा प्रेक्षकच असतो,” बाई म्हणाली. “तुझी चूक वेगळीच आहे. तुझी शेपटी तोंडाचीच री ओढते. तोंड रागावलं की शेपटी रागावते, तोंड मारायला उठलं की शेपटी मारते. मग शेपटी हवी कशाला? तोंड आहेच की.”

त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “जुन्या मालिकेत शेपटी कोण हलवायचं, ते आम्ही खूप शोधलं. कुठं नाव नाही.”

सुनेनं सासूकडे पाहिलं. सासूनं सुनेकडे पाहिलं नाही.

“मी हलवायचे,” बाई म्हणाली. “जाळायला देते. पण हातात देणार नाही. त्या प्रवेशाला कोचामागं मी पडणार आणि तो तिला उपटून काढेपर्यंत दोरी माझ्या हातात राहणार. मग जाळा खुशाल. दाराखाली कुजण्यापेक्षा एकदा उजेडात जळलेलं बरं.”

“जाळा खुशाल,” म्हणताना तिची डावी टाच वर गेली. मी जमिनीलगत होते, मी पाहिलं. आणि माझी सगळी काळजी मिटली.

चित्रीकरणाला सून सोबत आली होती, “यांना परत उठवायला कुणीतरी हवं” म्हणून. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई कोचामागं चटईवर पालथी पडताना पाहून सगळ्यांची धांदल उडाली. कुणी गादी आणली.

“गादी नको,” बाई म्हणाली. “उंच झालं की दिसत नाही.”

“काय दिसत नाही, आजी?” नव्या राक्षसानं कोचावरून वाकून विचारलं. अंगानं आडदांड, आवाज मात्र हळू.

“तू पुढं बघ. मागचं मी बघते.”

कोचासमोर मोठी लोखंडी शेगडी पेटवली होती. तिची धग माझ्या मखमलीपर्यंत पोचत होती. ठरलं होतं ते असं: राक्षस म्हणणार, “मला कुणी नको. मी एकटाच बरा.” मी रागानं फटकारे मारणार. मग तो मला कमरेवरून उपटणार आणि समोर भिरकावणार.

दिग्दर्शकानं इशारा केला. नवा राक्षस बराच वेळ जाळाकडे बघत बसला. मग अशा आवाजात बोलला, की दिवे धरणारा माणूससुद्धा एक पाऊल मागं सरला.

“मला कुणी नको.”

आणि त्याची डावी टाच वर गेली.

बाईचा हात थांबला. तेवढा एक क्षण मी आयुष्यात विसरणार नाही. वरची दोरी ताणलेली, फटकारा तयार. मग तिनं ती दोरी सोडली आणि दुसरी ओढली, अगदी हळू, बाळाच्या अंगावर पांघरूण ओढावं तशी. माझी रिळं एकामागून एक टकटक वळली. मी जमिनीवरून सरकले आणि त्या अधांतरी टाचेभोवती वेटोळं घातलं. घट्ट नाही. पडत्याला हात द्यावा, तेवढंच.

राक्षसानं खाली पाहिलं. मला उपटायला त्यानं हात घातला. हात माझ्यावर आला आणि तिथंच राहिला. पुढचं वाक्य त्याला बोलता येईना. त्यानं मला दोनदा थोपटलं. टाच हळूहळू जमिनीला टेकली. शेगडी तडतडत होती.

कितीतरी वेळानं दिग्दर्शक म्हणाला, “बस.” आणि लगेच कोचामागं धावत आला, अगदी जुन्या दिग्दर्शकांसारखा. “मावशी, ठरलं होतं काय? राग ठरला होता!”

“तो रागावलेला नव्हता.”

“तुम्हाला कसं कळलं? तुम्हाला त्याचा चेहरासुद्धा दिसत नव्हता!”

“म्हणून तर कळलं.”

नवा राक्षस कोचावरूनच म्हणाला, “खरं सांगू? ते वाक्य मला आठ दिवस पटतच नव्हतं.”

दिग्दर्शकानं कपाळ चोळलं. “पुन्हा घ्यायचं का? ठरलं तसं?”

“घे की,” बाई म्हणाली. “पुन्हा घे, दहादा घे. मी इथंच आहे.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, जाळाकडे पाहिलं, आणि मागं वळून म्हणाला, “ती शेगडी विझवा रे.”

बाईला उठवायला दोघं जण लागले. सून तिच्या गुडघ्यांवरची धूळ झटकत होती. झटकून झाल्यावरही झटकतच होती.

शेवटचा भाग लागला तेव्हा घरात पुन्हा तेच सगळे, मी पुन्हा दाराखाली. भाग संपताच मुलानं मोबाइलकडे हात नेला. सून ओरडली, “थांबा! नावं येतायत.” तिनं चित्र थांबवलं. उठून पडद्याजवळ गेली. ‘शेपटी’ असा शब्द, आणि पुढं माझ्या बाईचं पूर्ण नाव. ते मी इथं सांगणार नाही. ज्याला हवं त्यानं चित्र थांबवून वाचावं, आम्ही थांबवून वाचलं. सुनेनं ते मोठ्यानं वाचलं. मग तिनं मुलाला वाचायला लावलं. त्यानं वाचलं आणि आईकडे बघायचं सोडून खिडकीकडे बघत बसला.

“आता शेजारणीनं विचारलं, सासू काय करायची, तर काय सांगू?” सुनेनं विचारलं.

“सांग, आयुष्यात कुणापुढं शेपूट हलवलं नाही, राक्षसाचं मात्र सहा वर्षं हलवलं.”

मग सून लोकांची मतं वाचायला बसली. ‘मी पहिल्याच भागाला सोडून दिली होती, आता पहिल्यापासून बघतोय.’ ‘जुनी ती जुनीच, पण त्या शेपटीनं हरवलं मला.’ ‘शेवटी रडकी केलीच, पैसे फुकट.’ यावर बाई म्हणाली, “बरोबर आहे त्याचं, त्याला भूत हवं होतं.” आणि एक होतं: ‘माझे वडील गेले सहा महिने कुणाशी बोलत नाहीत. आज त्या प्रसंगाला म्हणाले, ही तीच शेपटी.’ सुनेनं ते दोनदा वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

मला काचेच्या कपाटात ठेवायची त्या मालिकावाल्यांची फार इच्छा होती. बाई म्हणाली, “शेपटीला काम लागतं.” तेव्हा मी दाराखालीच आहे. फर नाही, मखमल विरलीय, मधली दोन रिळं चिरलीत. पण दोऱ्या दोन्ही शाबूत आहेत आणि त्या कुणाच्या हातच्या आहेत, ते आता घराला माहीत आहे.

तुम्हा बघणाऱ्यांना एकच सांगते. पूर्वी तुम्ही समोर खुर्च्यांवर बसायचात, तेव्हा तुमच्या टाचा दिसायच्या. आता मोबाइलवर नुसती तोंडं येतात. तोंडानं हवं ते म्हणा. वाईट म्हणा, बंद करा म्हणा, बालपण जळलं म्हणा. फक्त लिहिण्याआधी एकदा खाली बघा, पायाकडे. आणि आमच्या घरी आलात तर माझ्यावरून पाय टाकून या, मला राग नाही. उंबऱ्यात उभे राहून “मी मजेत आहे,” असं म्हणालात, तर मात्र जपून म्हणा.

मी खालीच आहे.